विहाराची पायरी



दर आठवड्याला मी तुमच्या चुका दाखवतो. आज माझी एक सांगतो.

तीस वर्षे मी गावोगाव सभा घेतो. जागा ठरलेली : मारुतीचे देऊळ. एका गावच्या बौद्ध वस्तीतून सभेला कुणी येत नसे. मी वहीत 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून मोकळा व्हायचो. वस्तीतल्या विहारावरून माझी मोटारसायकल शंभरदा गेली असेल. थांबली कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढी पौर्णिमेला तिथल्या एका आजींच्या सोयाबीनची उगवण पाहायला गेलो होतो. निघताना त्या म्हणाल्या, "साहेब, आजपासून वर्षावास बसतोय. या की विहारात."

खरे सांगतो, पायरीशी पाय अडखळला. आत कसे वागायचे, ठाऊक नव्हते. पण सगळे साधे होते. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर बसलो. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. फुले, मेणबत्ती, उदबत्ती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी पालीतून त्रिशरण, पंचशील म्हटले. नवस नाही, कौल नाही. मग एका तरुणाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ वाचायला घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली निघाला. पावसाळाभर, आश्विनी पौर्णिमेपर्यंत, अनेक विहारांत त्याचे वाचन चालते.

वर्षावासाचे मूळ ऐकून तर मी सावरून बसलो. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे कोंब तुडवले जातात, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी कोवळ्या कोंबांची एवढी काळजी!

पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसा न करण्याचे. मी फवारणी शिकवणारा माणूस, चपापलो. एका आजोबांना विचारले, तर ते म्हणाले, "ह्याच ग्रंथात हाय साहेब. गरजेपोटी मारणं येगळं, मारायच्या इच्छेनं मारणं येगळं." मंडळी, आम्ही तरी दुसरे काय सांगतो? आधी ओळीतल्या अळ्या मोजा. नुकसानीची पातळी ओलांडली तरच पंप पाठीवर घ्या. शेजाऱ्याने मारले म्हणून मारू नका.

नंतर खिरीची वाटी हातात आली. धीर करून आजींना विचारले, "तुम्ही माझ्या सभेला का येत नाही?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूला त्याच देवळाच्या पायरीवरनं उठवलं हुतं. आता कुणी उठवत नाय, खरं हाय. पण या बसा, असंबी कुणी म्हणत नाय."

खीर गोड होती, पण घास उतरेना. तीस वर्षे मी कर्ण्यावरून 'सर्वांनी यावे' म्हणत होतो. कोणाला कुठे यायला सांगतो आहोत, हा विचार शिवला नव्हता.

त्या रब्बीला हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक विहारात ठेवले. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून दाखवला, त्यावर रायझोबियम. वस्तीतल्या बाया तर आल्याच, गावातलेही काही आले. काही आले नाहीत, तेही सांगायला हवे. आता सभा एकदा देवळात, एकदा विहारात होते. वहीतला जुना शेरा खोडून मी लिहिले : 'आपण गेलो नाही.'

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांना विहार घरचाच आहे. त्यांना एवढेच सांगणे, त्या आजींसारखी एखादी हाक द्या. बाकीच्यांनी येत्या पौर्णिमेला ओळखीच्या घरी विचारावे, "संध्याकाळी वंदनेला येऊ का?" चपला काढाव्यात, शांत बसावे, ऐकावे. बांधाला बांध लागून आहे, विहिरीचे झरेही एकच. मग चारशे पावले चालायला तीस वर्षे का लागावीत?

माझी लागली. तुमची लागू देऊ नका.

तुमचा,
विस्तार अधिकारी