डिलिरिअस म्हणजे फक्त 'खूप आनंदी' नव्हे

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, मुलांच्या वहीत इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहून द्यायची आपल्याला सवय आहे. बऱ्याच शब्दांना ते चालून जातं. 'डिलिरिअस' या विशेषणाला मात्र ते चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या शब्दाचे अर्थ दोन. पहिला, तापात किंवा आजारात भान जाऊन बरळणारा. जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणतात. दुसरा, आनंदाने बेभान झालेला. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षकांची जी अवस्था झाली ती 'डिलिरिअस विथ जॉय'.

आता समजा, उताऱ्यात 'द पेशंट वॉज डिलिरिअस' असं वाक्य आलं आणि मुलाने लिहिलं, 'रुग्ण खूप आनंदी होता'. सगळा उताराच उलटा झाला की नाही? आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही. ऑपरेशननंतर किंवा जंतुसंसर्गात वयस्कर माणसं अचानक असंबद्ध बोलू लागतात. डॉक्टर त्याला 'डिलिरिअम' म्हणतात आणि त्यावर लगेच उपचार लागतात. उद्या घरात आजोबांच्या बाबतीत हा शब्द कानावर पडला, तर मुलाला तो कळायला हवा.

मग शिकवायचं कसं? शब्दाच्या मुळापासून. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचा तास आणि 'डे' म्हणजे त्यापासून दूर. तास सोडून भरकटणं, हा मूळ अर्थ. खेड्यातल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही. बैलाने तास सोडला की नांगर कुठे जातो, हे त्याने पाहिलेलं असतं. ताप असो वा आनंद, मन तास सोडतं. म्हणूनच मराठीत 'भान हरपलेला' हा शब्द दोन्हीकडे बसतो.

फळ्यावर नेहमी दोन वाक्यं शेजारी लिहा, एक 'विथ फीवर'चं, एक 'विथ जॉय'चं. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: भान हरपलं, पण कशाने? उत्तर पुढच्यामागच्या वाक्यात सापडतंच.

आणखी एक. नवीन पेन मिळालं म्हणून कोणी डिलिरिअस होत नाही, तिथे साधा 'हॅपी' पुरे. मुलांना भारी शब्द वापरायची हौस असते, ती असू द्या. फक्त शब्दाचं वजनही त्यांना सांगा.