लांब फेकीचा गळ

गळ टाकून बसणे हा आळशी माणसाचा उद्योग, असे आमच्या घरात सर्वमान्य मत आहे. त्यामुळे गेल्या वर्षी गुहागरला सासुरवाडीस निघताना सामानात चौदा फुटी काठीचे तीन तुकडे दिसले, तेव्हा सौभाग्यवतींनी एकदा काठीकडे आणि एकदा माझ्या दंडांकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत.

गुहागरचा किनारा सरळ, उघडा आणि लांबलचक. लाटांच्या पलीकडे गळ पोचवायचा तर काठी जितकी लांब व ताठ तितकी बरी, आणि दोरी जितकी बारीक तितकी बरी, असा माझा हिशेब. मी पाय रोवले, शिसे मागे नेले आणि सर्व शक्तीनिशी काठी फिरवली. 'टण्' असा आवाज झाला. हातात काठी राहिली, शिसे गेले. कुठे गेले ते मला कळले नाही.

थोड्या वेळाने आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव वाळूतून धावत आले. ते बऱ्याच अंतरावर शिंपले वेचीत होते. मूठ उघडून म्हणाले, "बाबा, हे तुमचे ना? माझ्या पायाशी पडले."

मी मटकन वाळूवर बसलो.

मेहुण्यांनी सगळे पाहिले होते. ते लहानपणापासून गरवायला जाणारे. काठी हातात घेऊन म्हणाले, "भावोजी, शिवधनुष्य रावणालाही झेपले नव्हते. ही तुम्हांला वाकवता येत नाही, मग ती शिसे फेकणार कशी?"

त्या संध्याकाळी माझी शिकवणी झाली. काठी वाकते, त्या वाकण्यात जोर साठतो आणि सरळ होताना ती तो शिशाला देते. म्हणून तिच्या बुंध्यावर छापलेले वजन आधी वाचावे. १०० ते २०० ग्रॅमची, १२ फुटांची काठी मध्यम बांध्याच्या माणसाला पुरते. काचतंतूची काठी दणकट आणि स्वस्त, पण जड. कार्बनची हलकी व चपळ, पण खडकावर आपटली तर तडकते.

रीळ दोन जातींचे. एकात फेकताना रीळ स्वतः फिरते. अंगठ्याचा दाब चुकला, तर ते दोरीच्या पुढे धावते आणि सुगरणीलाही लाजवील असे घरटे तयार होते. दुसऱ्यात रीळ स्थिर राहून दोरी कडेवरून सुटत जाते. नवशिक्याने हेच घ्यावे. दोरी काठाच्या दोनेक मिलिमीटर खालपर्यंत भरावी; रीळ अर्धवट भरले, तर दोरी काठाला घासून फेक तोकडी पडते.

राहिली दोरी. बारीक दोरी दूर जाते, एवढे माझे खरे होते. वारा तिला कमी अडवतो. ०.३५ मिलिमीटरची तंगुसाची दोरी सात-आठ किलो सहज तोलते. पण ११२ ग्रॅमचे शिसे झोकताना बसणारा हिसका तिला सोसत नाही. म्हणून तिच्या पुढे जाड दोरी जोडायची: दर २८ ग्रॅम शिशामागे साडेचार किलो, म्हणजे माझ्या शिशाला १८ किलोची. लांबी काठीच्या दुप्पट, शिवाय रिळावर पाच-सहा वेढे येतील इतकी. विणलेली दोरी त्याहून बारीक आणि न ताणणारी, मासा लागल्याचे ती चटकन सांगते. पण उघडे बोट कापते, आणि जाड दोरी तिलाही चुकत नाही.

"दूर फेकणे नंतर," मेहुणे म्हणाले, "आधी शिसे आपल्या दोरीला राहिले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांची बारा फुटी काठी घेऊन मी फेकले. जोर निम्मा, अंतर दुप्पट. मासा मात्र गळ ओढून घेताना, अगदी काठाजवळच्या खळग्यात लागला. वीतभर शिंगाळा! काट्यांना जपून सोडवला आणि पाण्यात सोडला.

चिरंजीवांनाही फेकायचे होते. मी गाठ दोनदा ओढून पाहिली, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना कोणी नाही ना, ते पाहिले आणि मगच काठी त्यांच्या हाती दिली.

ते पहिले शिसे हल्ली माझ्या टेबलावर असते. वाऱ्याने उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून ठेवले आहे, असे मी घरात सांगतो.