माझ्या नाकाचं सार्वमत

गोंदिया जिल्ह्यात नाकाच्या शस्त्रक्रियेचे जितके तज्ज्ञ आहेत, तितके मुंबईतही सापडायचे नाहीत. त्यातले निम्मे माझे नातेवाईक. उरलेले चौकातल्या पानठेल्यावर खर्रा घोटत उभे असतात. निदान दहा फुटांवरून, फी शून्य, आणि आपण विचारलंच पाहिजे अशीही अट नाही.

नागपूरला जाऊन मी नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घेतला आणि त्याच भुलीत वरचा हाडाचा उंचवटाही घासून घेतला. जाण्यापूर्वी आमगावच्या आत्यानं सिद्धांत मांडला होता : देवानं दिलेल्या नाकाला सुरी लावू नये. मग दिवाळी झाली आणि गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुपारी दंडार, रात्री नाटक, मधल्या वेळात पाहुण्यांना उद्योग नसतो. यंदा माझं नाक होतं. आत्यानं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं, एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला, "अजून वाकडंच दिसते गं बाई. परत करून घे ना."

आणि देव? त्याचा आक्षेप बहुधा पहिल्याच शस्त्रक्रियेला होता. दुसरीला त्यानं ना हरकत प्रमाणपत्र दिलेलं दिसतं.

तिरोड्याचे मामा आत्याच्याही पुढचे. नाकाचा शेंडा फुगलेला आहे, हा त्यांचा मौलिक शोध. अहो, फुगलेलाच असणार! नाक कापून, सोलून, हाड मोडून पुन्हा बसवलंय. ते काय लगेच पासपोर्टच्या फोटोला बसणार? वरच्या दांड्याची सूज आधी उतरते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. त्याला वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर त्याहूनही जास्त. दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगानं उतरेल असा करार तिनं कुणाशी केलेला नसतो. सकाळी नाक वेगळं, संध्याकाळी वेगळं. म्हणून शहाणे सर्जन सांगतात की वर्षभर दुसऱ्या शस्त्रक्रियेचं नावही काढू नका. पण आमच्याकडे निसवलेल्या धानात दाणा भरायच्या आधीच विळा घेऊन बांधावर उभे राहणारे कमी आहेत का?

सर्जन मंडळींनाही मी सोडणार नाही. शस्त्रक्रियेआधी सांगतात, "पंधरा दिवसांत कामावर." नंतर विचारलं की, "वर्षभर थांबा." दोन्ही खरं आहे, पण माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत फक्त पहिलं असतं. जाहिरातीतली जोडचित्रं तर बघाच. 'आधी'च्या फोटोत बाई ट्यूबलाइटखाली, केस विस्कटलेले, जणू नुकतीच कुणाला पोचवून आलीय. 'नंतर'च्या फोटोत तीच बाई लिपस्टिक लावून हसतेय. यात नाकाचं कर्तृत्व किती आणि लिपस्टिकचं किती? खाली ओळ असते : दुसरीकडे बिघडलेलं नाक आमच्याकडे सुधारून मिळेल, सुलभ हप्त्यांत. हे 'दुसरीकडे' नेमकं कुठं असतं, ते कुणी सांगत नाही. प्रत्येकाचं 'दुसरीकडे' म्हणजे समोरचा दवाखाना असावा.

त्यात आपला मोबाइल. एक फुटावरून सेल्फी काढली की पाच फुटांवरच्या फोटोच्या मानानं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. ही भूमिती आहे, विकृती नव्हे. भूमितीवर शस्त्रक्रिया करून देणारा सर्जन अजून जन्मायचा आहे.

नाकाच्या बाबतीत सबुरी कशी असते ते बघायला आता जरा अठराव्या शतकातल्या पुण्याला चला. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेला कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग १७९३ साली पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नाक बसवलं. मेणाचा पत्रा करून माप घेतलं आणि कातडी चिकटवायला वापरला कात. होय, आपल्या पानातला! चार दिवस दुसरं काही लावलं नाही, मग तुपात भिजवलेली फडकी. साधारण पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडून ठेवलेली पट्टी कापायची आणि त्याच वेळी नाक थोडं कोरून नीट करायचं. म्हणजे सुधारणा होती, पण तिची वेळ कारागिरानं ठरवलेली, कावसजीच्या आत्यानं नव्हे. जेम्स वेल्सनं त्याचं चित्र काढलं तेही दहा महिन्यांनी. १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या तिथल्या सर्जननं प्रेतांवर सराव केला आणि जिवंत माणसाच्या नाकाला हात घातला थेट १८१४ मध्ये. वीस वर्षं! आमच्या मामांना होळीपर्यंत दम निघत नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा हिशेबही या तज्ज्ञांना कुणी सांगावा. आधार द्यायला कूर्चा लागते. पडद्यातली बरीचशी पहिल्याच वेळी खर्ची पडलेली असते. मग कानातून काढायची. तेवढ्यानं भागलं नाही तर बरगडीतून. आतले थर व्रणानं एकमेकांना चिकटलेले, ते सोडवताना सर्जनचाही कस लागतो. आणि हे सगळं कशासाठी? आत्याच्या डाव्या डोळ्याला खटकणाऱ्या एका मिलिमीटरसाठी. ती स्वतः चष्मा घरी विसरून आली होती, हे जाता जाता.

तर माझं ठरलंय. वर्ष उलटल्यावर सर्जनकडे जाईन आणि आधी श्वासाचं बोलेन. भातगिरणीच्या धुळीतून घरी आल्यावर डावी नाकपुडी आजही बंद होते. पडदा पुन्हा सरकलाय की नुसती सूज आहे, ते दुर्बीण घालून बघू दे. पडदा सरकला असेल तर होईन पुन्हा आडवी, कुरकुर न करता. शेंड्याच्या एका मिलिमीटरसाठी मात्र नाही. त्या मिलिमीटरवर ज्यांचं अजूनही मत असेल, त्यांनी पुढच्या मंडईला येताना आपापली बरगडी सोबत आणावी.