पाय मुरगळला म्हणून खेळ का सोडायचा?



बाईचा पाय मुरगळला की आपल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिल्या दिवशी, "काही नाही गं, लचक भरलीय, उद्या चालायला लागशील." आणि आठवडाभराने सूज तशीच दिसली की, "आता पुरे झालं ते खेळणं, या वयात कशाला?" माझ्या मते ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिल्यामुळे तिला हवी ती विश्रांती मिळत नाही आणि दुसऱ्यामुळे ती पूर्ण बरी होत नाही. दुखणं थांबणं आणि बरं होणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर चालून पूर्ण करायला हवं आणि खेळणाऱ्या बाईने ते कोर्टपर्यंत चालून पूर्ण करावं, असं मला वाटतं.

मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी टेनिस खेळते. स्पर्धेसाठी नाही, अंगात चपळपणा राहावा म्हणून. गेल्या वर्षी मागे घरंगळत आलेल्या चेंडूवर उजवा पाय पडला, तळवा आत वळला आणि सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या कडेवर आला. तासाभरात लिंबाएवढी सूज आली, दुसऱ्या दिवशी पाय काळानिळा झाला. हाड मोडलं नव्हतं, लिगामेंट काही अंशी फाटलं होतं. अकराव्या आठवड्यात मी पुन्हा कोर्टवर उभी राहिले. त्या काळात जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, त्यावरून हे लिहिते आहे.

आधी घोट्यात होतं काय ते पाहू. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारे तीन लिगामेंट असतात. पाय आत वळला की बहुतेक वेळा त्यातला सगळ्यात पुढचा आधी ताणतो. नुसता ताणला तर पहिली पायरी, थोडा फाटला तर दुसरी, पूर्ण तुटला तर तिसरी. पहिल्या पायरीत एक ते तीन आठवडे, दुसरीत साधारण तीन ते सहा आठवडे आणि तिसरीत काही महिने रोजच्या कामांना लागतात. खेळायला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

आता पहिलं वाक्य, "काही नाही." हे कोणी ठरवायचं? डॉक्टरांकडे यासाठी एक साधी कसोटी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात ती तयार झाली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबलं की हाड दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का? पाय मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एक्स-रे काढायचा. लंगडत का होईना, चार पावलं पडतात का, एवढं घरात कुणीही पाहू शकतं. ती पडत नसतील तर हळद-चुन्याचा लेप लावून रात्र काढू नका.

आपल्याकडे अजून हाडवैद्याकडे जाऊन पाय 'बसवून' घेतात, जोरात चोळून घेतात, कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतं. त्या माणसांच्या हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत आत रक्त साकळत असताना जोरात चोळलं किंवा गरम शेकलं तर सूज वाढते. त्या दिवसांत क्रेप बँडेज बांधावं, झोपताना आणि बसताना पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवावा आणि दुखेल असा भार टाकू नये. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ, दुखणं कमी करण्यापुरता.

खरी अडचण पुढे आहे. ही विश्रांती बाईला द्यायची कोणी? जालन्यात नळाला पाणी येण्याचा दिवस असला की घरची बाई बसून राहू शकत नाही. पिंप भरायचं, हंडे भरायचे, मोटार लावायची. चौविहार करणाऱ्यांच्या घरी सूर्यास्ताआधीचा तास म्हणजे स्वयंपाकघरात नुसती धावपळ. "आराम कर" असं सगळे म्हणतात, पण पोळ्या कोण लाटणार हे कुणी सांगत नाही. म्हणून माझं सांगणं आहे, की मोघम आराम मागू नका, कामं वाटून द्या. पाणी मुलाने भरायचं. ताटं ज्याची त्याने वाढून घ्यायची. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवायचं आणि बसूनच भाजी चिरायची. तीन-चार दिवस हे केलं तर घर मोडत नाही.

आता दुसरं वाक्य, "आता खेळणं पुरे." घरातल्या मोठ्यांची काळजी खरी असते. पुन्हा पडली तर हाड मोडेल, मग घरचं कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्यावर खेळ सोडणं हा उपाय नाही. कारण कमकुवत घोटा कोर्टवर राहत नाही, तो आपल्याबरोबर घरी येतो. देरासराच्या गुळगुळीत संगमरवरी पायऱ्या अनवाणी उतरताना तोच घोटा असतो. उद्या शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना करायची म्हटलं किंवा पालीताण्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या चढायच्या म्हटलं, तरी पाय तोच असतो. टेनिस सोडता येईल, चालणं कसं सोडणार?

विश्रांतीबद्दलचं शास्त्रही मधल्या काळात बदललं आहे. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार उपाय इंग्रजी आद्याक्षरांच्या सूत्रात बांधले. ते सूत्र जगभर पाठ झालं. पुढे त्याच डॉक्टरने लिहिलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. आज सुरुवातीचे थोडे दिवस पाय जपून, मग दुखणं सांभाळत लवकर हालचाल आणि भार सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

याचं कारण समजून घ्या. लिगामेंट म्हणजे नुसता दोर नाही. पाऊल कुठे आहे, किती वळलं आहे, ही खबर तो मेंदूला देत असतो. दुखापतीनंतर ही खबर उशिरा पोहोचते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण पाय वळायला लागला की त्याला सावरणारे स्नायू वेळेवर जागे होत नाहीत. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. आपण म्हणतो, "माझा तो पाय नाजूकच आहे." पुष्कळदा तो नाजूक नसतो, त्याला पुन्हा शिकवायचं राहून गेलेलं असतं.

नेदरलँड्समध्ये पाय मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी नेहमीचे उपचार घेतले. त्यांतल्या साधारण अर्ध्यांनी त्याशिवाय आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. पुढच्या वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, न करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांचा. व्यायाम घरी केले होते, कुणी समोर उभं नव्हतं. आपल्यासारख्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा जाऊन नीट शिकून घ्यायचं आणि बाकीचं घरी करायचं.

मी काय केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात बसल्या बसल्या पाऊल वर-खाली करणं आणि पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढणं. पाय टेकता आल्यावर भिंतीला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका. त्यानंतर एका पायावर उभं राहणं. आधी भिंतीला बोट टेकवून, मग आधाराशिवाय अर्धा मिनिट, मग डोळे मिटून. शेवटी घडी घातलेल्या सतरंजीवर. काउसग्गात स्थिर उभं राहण्याची सवय असलेल्या आपल्याला हे फार परकं वाटत नाही, फक्त इथे भार एकाच पायावर असतो.

भिंत, खुर्ची, पट्टा आणि विटांसारखे ठोकळे घेऊन आसनं करण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी आपल्या पुण्यातच घडवली. टेनिसपटू रोहन बोपण्णाच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली, तेव्हा त्याने याच योगाचा आधार घेतल्याचं तो सांगतो. पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत त्याने आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचं विजेतेपद. "या वयात कशाला" म्हणणाऱ्यांना मी हे वय सांगते.

घोट्याचं उदाहरण हवं असेल तर अलेक्झांडर झ्वेरेवचं घ्या. ३ जून २०२२ रोजी फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात नदालविरुद्ध खेळताना त्याचा उजवा घोटा इतका वळला, की बाहेरच्या बाजूचे तिन्ही लिगामेंट फाटले. त्याला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं, मग शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कित्येक महिने तो अधिकृत स्पर्धा खेळला नाही. २०२३ मध्ये त्याच स्पर्धेत तो पुन्हा उपांत्य फेरीत होता आणि २०२४ मध्ये अंतिम फेरीत. त्याच्या दिमतीला डॉक्टर होते, आपल्याला ते मिळणार नाहीत. पण शरीराने वेळ मागितला आणि त्याने तो दिला, एवढं आपल्यालाही जमतं.

कोर्टवर परतायचं ते तारखेवरून ठरवू नका, पाय काय करू शकतो यावरून ठरवा. न लंगडता भरभर चालता येतं का, जिना सरळ उतरता येतो का, दुखऱ्या पायावर दुसऱ्याइतक्याच वेळा टाच उचलता येते का, त्याच पायावर उड्या मारता येतात का? मग सरळ रेषेत हलकं धावणं, मग इंग्रजी आठच्या आकारात, मग टेनिसला लागतं तसं आडवं सरकणं. यानंतर जाळीजवळ हलके फटके, नंतर मागच्या रेषेवरून, मग सर्व्हिस आणि शेवटी गुण मोजून खेळ. एखाद्या पायरीवर दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे यायचं. सुरुवातीचे काही महिने लेस बांधायचा घोट्याचा पट्टा वापरावा. बूट टेनिसचेच असावेत. धावायचे बूट सरळ जाण्यासाठी असतात, त्यांच्या जाड तळव्यावरून पाय आडवा सरकताना वळू शकतो. आणि रिकामे चेंडू आधी गोळा करायचे, मगच पुढचा गुण खेळायचा.

धर्माच्या रोजच्या नेमातही थोडी सोय करून घ्या. सामायिकाची ४८ मिनिटं मांडी घालून पाय सुन्न करण्यापेक्षा काही आठवडे खुर्चीवर बसा, समभाव तिथेही साधतो. वंदनेत उकिडवं बसताना घोटा सगळ्यात जास्त वाकतो आणि ही हालचाल बहुधा सगळ्यात शेवटी परत येते, म्हणून घाई नको. पर्युषणात अठ्ठाई असेल तर त्या दिवसांत एका पायावरचे व्यायाम थांबवा, चक्कर येऊ शकते. पारण्यानंतर पुन्हा सुरू करा आणि जेवणात डाळ, दूध, पनीर कमी पडू देऊ नका.

सगळ्यांनीच परत खेळावं असं मी म्हणत नाही. सहा-आठ आठवड्यांनीही पाय अचानक दगा देत असेल, सूज हटत नसेल किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. पण निर्णय पाय तपासून व्हावा, बाईचं वय मोजून नाही. घरातल्या पुरुषाचा पाय क्रिकेट खेळताना मुरगळला तर "आता खेळ सोड" असं आपण म्हणतो का? "कधी बरा होणार" एवढंच विचारतो. सुनेलाही, मुलीलाही आणि स्वतःलाही तेच विचारायला शिकू या.

जय जिनेंद्र.