विंचवाचं बिऱ्हाड आणि त्याचं ऑइल

'स्वातंत्र्य' असं लेबल चिकटवून बाजारात ज्या वस्तू विकल्या जातात, त्यातली सगळ्यात जड वस्तू बहुधा मोटरहोम असेल. लांबी ४० फूट, वजन चौदा-पंधरा टन, मागे ट्रकचं डिझेल इंजिन, आत बेडरूम, फ्रिज, संडास. आणि रीलखाली एक ओळ : घर विकलं, रस्ता घेतला.

त्या रीलला तुम्ही हार्ट देता यात काही गैर नाही. पुण्यात वन-बीएचकेचं डिपॉझिट जमवताना ज्याच्या नाकी नऊ आले आहेत, त्याला चाकांवरचं घर बघून हेवा वाटणारच. माझं भांडण रीलमधून जे कापलं जातं त्याच्याशी आहे.

मी अमेरिकेत, ॲरिझोनात राहतो. माझ्याकडे २००५ सालची ३८ फुटी डिझेल मोटरहोम आहे. सेकंडहँड घेतलेली. गेली सात वर्षं तिची बहुतेक कामं मी स्वतःच्या हाताने करतो. मला ही गाडी मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल जे खोटं पसरवलं जातं त्याचा राग येतो.

आधी यंत्र समजून घेऊ. या प्रकाराला इथे 'डिझेल पुशर' म्हणतात, कारण इंजिन मागे असतं आणि गाडीला ढकलतं. इंजिन बहुतेक वेळा कमिन्सचं. हो, पुण्यात ज्या नावाचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे तेच कमिन्स. किर्लोस्करांबरोबर १९६२ मध्ये पुण्यात आलेलं. गिअरबॉक्स ॲलिसनचा, ब्रेक हवेचे. म्हणजे कमरेखाली ही गाडी शंभर टक्के ट्रक किंवा बस आहे. कमरेच्या वर प्लायवूड, फायबरग्लास आणि सीलंटने जोडलेलं घर आहे. खालचा भाग लाखो मैल चालायला बनवलेला आणि वरचा भाग प्रत्येक प्रवासात छोटा भूकंप सोसणारा. या दोघांचा संसार सांभाळणं म्हणजे मोटरहोमची मालकी.

डिझेलची टाकी १०० गॅलनची, म्हणजे जवळजवळ ३७८ लिटर. ॲव्हरेज गॅलनला आठ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही. ऑइल बदलायचं तर इंजिनप्रमाणे १५ ते २५ लिटर लागतं. इथपर्यंतचे आकडे रीलमध्ये कधीतरी येतात, कारण ते सांगताना थोडी ऐट करता येते. पुढचे येत नाहीत.

टायर घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या वयाने मरतात. नक्षी नव्यासारखी, पण उन्हाने रबर आतून सुकलेलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात पुढचा टायर फुटला की स्टीअरिंग हातात राहील याची खात्री नाही. म्हणून सात-आठ वर्षांत सहाच्या सहा टायर, चांगले दिसत असतानाही, फेकावे लागतात. चांगला दिसणारा टायर फेकण्यासाठी खिशात पैसे आणि डोक्यात समज दोन्ही लागतं.

रेडिएटर घ्या. माझ्यासारख्या ज्या गाड्यांत तो अगदी मागे असतो, तिथे इंजिनच्या श्वासनळीतून तेलाची वाफ बाहेर पडते, पंखा ती ओढून रेडिएटरवर फेकतो, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि जाळीवर काळा लगदा साचतो. बाहेरून तो दिसतही नाही. एका दुपारी चढावर इंजिन तापतं आणि मालक म्हणतो, 'काल तर ठीक होती.' काल ठीक नव्हती. काल सपाट रस्ता होता.

हवेच्या टाक्या घ्या. त्यात पाणी साचतं, ते काढावं लागतं. दाब साधारण ६० पीएसआयच्या खाली आला की भोंगा वाजतो, आणखी उतरला की मागचे ब्रेक आपोआप आवळले जातात आणि पंधरा टनांचं घर भर रस्त्यात जागच्या जागी बसतं. हे बिघाडाचं लक्षण नाही, ती सुरक्षेची रचनाच आहे. पण ती रचना माहीत नसलेला माणूस स्टीअरिंगवर असणं हा नक्कीच बिघाड आहे. आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते! कॅलिफोर्नियासारखं राज्यसुद्धा वेगळं लायसन्स मागतं ते ४० फुटांच्या पुढे.

कोलोरॅडोत आय-७० रस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून ११,००० फुटांवरून जातो आणि पलीकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार सुरू होतो. तिथे पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. खालचा गिअर टाकायचा आणि एक्झॉस्ट ब्रेकने गाडी आवरायची. आपल्याकडे बोरघाट उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला हे कुणी सांगावं लागत नाही : ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आता टोइंग. एवढी मोठी गाडी घेऊन किराणा आणायला जाता येत नाही, म्हणून मागे एक छोटी कार जोडतात. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची पद्धत सगळ्यात सोयीची, पण प्रत्येक कार तशी ओढता येत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. शंभर मैल ओढलं की गिअरबॉक्स खलास. म्हणून मागे इतक्या जीप रँग्लर दिसतात : ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की चाकं मोकळी फिरतात. शिवाय टो-बार, सेफ्टी केबल, दिव्यांची वायर आणि ओढल्या जाणाऱ्या कारला स्वतंत्र ब्रेक लावणारं यंत्र. हे सगळं लावल्यावरही एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे रिव्हर्स. मागच्या कारची पुढची चाकं आडवी होतात आणि टो-बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर खाली उतरा, कार सोडवा, मग मागे या.

वजनाचा हिशेब तर कुणीच सांगत नाही. हिचवर लिहिलेलं असतं '१०,००० पौंड'. विकणारा तेच वाचून दाखवतो. पण गाडी आणि ओढलेला भार मिळून किती वजन चालेल याचा वेगळा आकडा असतो. भरलेल्या गाडीचं खरं वजन त्यातून वजा करा, मग कळतं की हिचचे दहा हजार कागदावरच आहेत. हे समजायला ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी चढवून वजन करावं लागतं. दहा मिनिटांचं काम. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या फार थोड्यांनी ते केलं होतं.

मी हे सगळं तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. माझा मुद्दा असा : ही गाडी म्हणजे देखभालच आहे, आणि प्रवास हा त्या देखभालीवर मिळणारा बोनस. जे लोक बोनसचा फोटो दाखवून पगार लपवतात ते फसवतात. ते खोटं विकत घेणारा पंधरा-वीस वर्षांचं कर्ज काढतो, दोन वर्षांत थकतो आणि गाडी अंगणात सडू देतो. पण खरं नुकसान त्याचं होत नाही.

खरं नुकसान होतं ते ज्यांच्यासाठी हीच गाडी एकमेव घर आहे त्यांचं. भाडं परवडत नाही म्हणून, कारखाना बंद झाला म्हणून, म्हातारपणी पेन्शन पुरत नाही म्हणून हजारो अमेरिकन जुन्या मोटरहोममध्ये राहतात. इथल्या अनेक आरव्ही पार्कमध्ये 'दहा वर्षांचा नियम' आहे. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर जागा नाही. इंजिन किती चांगलं, छत गळतं की नाही, टायर कोणत्या सालचे, हे कुणी विचारत नाही. विचारतात फक्त जन्मसाल. माझ्या गाडीला मी दोनदा असं गेटवरून परत फिरवलं आहे. मला घर आहे, मी घरी गेलो. ज्याला नाही तो कुठे जातो?

तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि तिथे कायदा त्याची वाट बघत असतो. ज्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आहे तिला अमेरिकेचा आयकर विभाग 'दुसरं घर' मानतो. तिच्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळू शकते. त्याच गाडीला 'पहिलं घर' म्हणायला गेलं तर अनेक शहरांचे नियम आडवे येतात. लॉस एंजेलिसचा गाडीत राहण्यावर बंदी घालणारा नियम २०१४ मध्ये अपील कोर्टाने संदिग्ध म्हणून रद्द केला, तर शहराने नव्या शब्दांत नवा नियम आणला. जून २०२४ मध्ये 'ग्रँट्स पास' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागेत झोपणाऱ्यांना शहरं दंड करू शकतात. म्हणजे ज्याला दोन घरं आहेत त्याच्या चाकांवरच्या घराला सवलत, आणि ज्याला एकच आहे त्याच्या घराला पावती.

पार्कवाल्यांची बाजूही ऐकली आहे. जुन्या गाड्या तेल गळवतात, लोक त्या तशाच टाकून जातात, ओढून न्यायचा खर्च आमच्या डोक्यावर. खरं आहे. मग गाडी तपासा. खाली वाकून तेलाचा डाग बघा, टायरवरचे चार आकडे वाचा, मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो का ते बघा. पाच मिनिटं लागतात. साल बघणं सोपं, कारण त्यासाठी वाकावं लागत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं आहे असं समजून स्क्रोल करू नका. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. उत्तम. पण त्या गाडीची मैल्याची टाकी ताम्हिणीच्या ओढ्यात रिकामी होणार की नीट बांधलेल्या चेंबरमध्ये, हा प्रश्न सूर्यास्ताच्या फोटोइतकाच पर्यटनाचा भाग आहे. आणि चाकांवरचं बिऱ्हाड आपल्याला नवीन नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडहून हजारो कोयते निघतात. नवरा-बायको, लेकरं, भांडीकुंडी, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे धड रिफ्लेक्टर नसलेला ट्रॅक्टर आपण शिव्या देत ओव्हरटेक करतो. त्याला कुणी 'व्हॅनलाइफ' म्हणत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण गरिबासाठी कीव म्हणून वापरतो आणि श्रीमंतासाठी कॅप्शन म्हणून.

आणखी एक. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. उरलेले दिवस त्या गाडीखाली झोपणाऱ्या पोराला 'शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये जाशील' अशी भीती घालतो. मी गाडीखालून ग्रीसने काळा होऊन बाहेर येतो तेव्हा व्हिडिओ कॉलवर घरचे विचारतात, 'तिकडे माणूस मिळत नाही का?' मिळतो. तासाला दोनशे डॉलर घेतो आणि महिनाभराने तारीख देतो, कारण तिथेही सगळ्यांना रस्ता हवा आहे, पाना कुणालाच नको.

म्हणून रील बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे : सूर्यास्त दाखवा, पण रेडिएटर धुतानाही दाखवा. पार्कवाल्यांनी गाडीचं साल विचारणं बंद करावं आणि अवस्था विचारावी. आणि तुमच्यापैकी ज्याला अशी गाडी खरंच घ्यायची आहे, त्याने आतला सोफा बघण्याआधी पुठ्ठा पसरून खाली झोपावं. टायरवरचे चार आकडे वाचावेत, रेडिएटरच्या जाळीवर टॉर्च मारावा, हवेच्या टाकीचा कॉक उघडून किती पाणी येतं ते बघावं. तिथे पाठ टेकायला लाज वाटत असेल, तर वरच्या बेडरूमवर पैसे घालू नयेत.