तुरट चवीची पकड

कच्चे केळे चुकून दाताखाली आले, जांभळे थोडी जास्त खाल्ली किंवा बाळगुटीसाठी हिरडा उगाळताना बोट जिभेला लागले, की तोंडाचे जे होते त्याला आपण तुरट म्हणतो. जीभ जड होते, टाळू कोरडा पडतो, गालाची आतली बाजू कोणीतरी ओढून धरल्यासारखी वाटते. गोड, आंबट, खारट या चवी जिभेला कळतात. तुरट ही मात्र जितकी चव, तितकाच स्पर्श. आपल्या लाळेत प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलसर, बुळबुळीत राहते. हिरड्यातले एक द्रव्य त्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करते. वंगण गेलेल्या यंत्राचे जे होते तेच तोंडाचे होते. या द्रव्याचे नाव टॅनिन.

आम्ही पडलो बी.कॉम. रसायनशास्त्राशी आमची गाठ दहावीला पडली ती शेवटची. पण ज्या द्रव्यावर आपल्याच लोकांच्या कित्येक पिढ्यांचे हात काळे झाले, आणि जे आजही आपल्या घराघरांत दिवसातून चार वेळा कपात ओतले जाते, त्याची माहिती घ्यायला पदवीची अडचण येऊ नये.

टॅनिन वनस्पतीत तयार होते. बाभळीच्या सालीत ते शेकडा १२ ते २० असते, हिरड्याच्या फळात शेकडा ३० च्या पुढे जाते, आणि बाळगुटीतल्या मायफळात तर निम्म्याहून अधिक. तरवडाची साल, खैराचे लाकूड, डाळिंबाची टरफले, सुपारी, चहाची पत्ती ही सगळी त्याचीच कोठारे. झाड ते आपल्या राखणीसाठी साठवते. पाला खाणाऱ्या किड्याला आणि गुराला तो तुरट लागावा, पचायला जड जावा, हा त्यातला हेतू. बी तयार होईपर्यंत फळ कोणी खाऊ नये म्हणून कच्चे फळ तुरट असते. केळे पिकले की त्यातले टॅनिन आपापसात गुंतून बसते, त्याची पकड जाते आणि तुरटपणाही जातो.

ही पकड कशी लागते ते पाहू. कार्बनच्या सहा अणूंचे एक कडे असते आणि त्या कड्याला ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या लागलेल्या असतात. या जोड्या म्हणजे हात समजा. प्रथिनाच्या लांब साखळीवर जागोजागी हे हात पकड घेतात. एका हाताची पकड कच्ची असते, सहज सुटते. पण टॅनिनच्या एका रेणूला असे पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त हात असतात, आणि तो एकाच वेळी दोन-तीन साखळ्यांना धरतो. एकट्या कामगाराचे मालक ऐकत नाही, युनियन झाली की ऐकतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

टॅनिनच्या मुख्य जाती दोन. पहिलीत मधोमध साखरेचा रेणू असतो आणि त्याला गॅलिक आम्लासारखी आम्ले जोडलेली असतात. आम्लात उकळले की ही जोडणी सुटते. हिरडा, मायफळ या जातीतले. दुसरीत साखर नसते, कॅटेचिन नावाच्या द्रव्याचे दुवे एकमेकांत अडकून साखळी झालेली असते. बाभळीची साल, खैर, सुपारी या जातीत येतात. हे कॅटेचिन नाव ‘कॅटेचू’वरून पडले, आणि कॅटेचू म्हणजे खैराचे लाकूड उकळून काढलेला आपला विड्याचा कात. हा कात काढण्याच्या धंद्यावरूनच कातकरी हे नाव आले. खाणीतल्या सुरक्षित दिव्याबद्दल प्रसिद्ध असलेले इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०३ साली तुरट वनस्पतींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या तराजूत मुंबईहून गेलेला कातही होता. त्यात निम्म्याहून जास्त टॅनिन निघाले. डेव्हींचे नाव पुस्तकात राहिले. रायगडच्या जंगलात भट्टी लावणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

‘टॅनिन’ हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ सेगाँ यांनी १७९६ च्या सुमारास रूढ केला. चामडे कमावण्याच्या क्रियेवरून तो घेतला आहे. शब्द परका असला तरी क्रिया आपल्या चांगल्या परिचयाची. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडेही कमावतात. ओले कातडे तसेच ठेवले तर दोन दिवसांत सडते. नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होते, आणि भिजले की पुन्हा सडायला लागते. कमावलेले चामडे मात्र वाकते, भिजून वाळते आणि वर्षानुवर्षे टिकते. कारण कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. टॅनिन त्या धाग्यांत शिरते, त्यांच्यातले पाणी हटवून जागा घेते आणि धागे एकमेकांना बांधून टाकते. मग कुजवणाऱ्या जंतूंना तिथे खायला तोंड घालता येत नाही.

आपल्याकडे हे काम ढोर (कक्कय) समाजाने केले. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे केस सुटतात. मग केस आणि आतले मांस खरवडून काढायचे आणि चुना धुऊन टाकायचा. त्यानंतर बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी. कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची, तिच्यात सालीचे तुकडे आणि पाणी भरायचे. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते, खाली जमा होते, ते पुन्हा वर ओतायचे. यात एक बारकावा आहे. पहिले पाणी पातळ, म्हणजे जुने, वापरलेले असावे लागते आणि दाट पाणी शेवटी. सुरुवातीलाच दाट पाणी दिले तर कातड्याची वरची बाजू लगेच कमावली जाऊन बंद होते आणि आतला भाग कच्चा राहतो. असे चामडे पुढे दगा देते. नुसत्या बाभळीने चामडे लालसर आणि जरा राठ होते. हिरडा घातला की रंग उजळतो. शिवाय हिरड्याचे पाणी आंबून त्यात आम्ल तयार होते, ते कातड्यात टॅनिन मुरायला मदत करते. कोणत्या दिवशी कोणते पाणी, किती साल, किती हिरडा, हे वासावरून, रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या चिकटपणावरून ठरत होते.

हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे? प्रयोगशाळा नव्हती, कुंड होते. मापाचे भांडे नव्हते, जीभ होती. पण ज्याला हे येत होते त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. त्याच्या कुंडाच्या वासाने नाक मुरडणारा त्याच कुंडातून निघालेली वहाण पायात घालत होता, मोटेचे पाणी शेताला पाजत होता. आणि एक कडवट गोष्टही सांगितली पाहिजे. मेलेले जनावर ओढायचे व सोलायचे महाराने, कातडे कमवायचे ढोराने, जोडा शिवायचा चांभाराने. एकच कातडे या तिघांच्या हातांतून जात होते, तरी या तिघांत रोटी-बेटी नव्हती. प्रत्येकाला आपण दुसऱ्यापेक्षा वरचे वाटत होते. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा याहून उघड नमुना शोधायला लांब जायला नको. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते कारागिरीवरच्या रागातून नव्हे. जन्माने गळ्यात बांधलेल्या कामाचा तो नकार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट निघाले आणि झाडाच्या सालीचे दिवस फिरले. सालीला आठवडे लागतात, क्रोमला एखाददुसरा दिवस. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचे असते. कोल्हापुरी चपलेने मात्र सालीची वाट सोडली नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मेळ्यात प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या, आरडाओरडा झाला, आणि मूळ कल्पना भारतीय कारागिरांची असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत चप्पल शिवणाऱ्याचे फोटो आले, ते बरेच झाले. चामडे कमावणाऱ्याचा फोटो आमच्या तरी पाहण्यात आला नाही.

कातड्याची गोष्ट इथे संपत नाही, कारण कोलॅजनचे धागे काही म्हशीलाच नसतात. आपल्या गालाच्या आतल्या अस्तराखालीही तेच धागे आहेत. सुपारीतला अ‍ॅरेकोलिन नावाचा पदार्थ हे धागे जास्त तयार करायला लावतो. एरवी शरीर जुने धागे मोडून टाकते, पण सुपारीतले टॅनिन त्यांना असे बांधते की ते मोडता मोडत नाहीत. गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, तिखट सोसेनासे होते, तोंड उघडेनासे होते. कुंडात महिन्याभरात कातड्याचे जे व्हायचे, ते इथे जिवंत माणसाच्या तोंडात काही वर्षांत होते. पुढे यातूनच कर्करोग होण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही, म्हणजे तंबाखू नसलेल्या सुपारीला, कर्करोगकारक ठरवले आहे. ‘आम्ही तंबाखू खात नाही, साधी सुपारीच खातो’ असे सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पुड्या मात्र कुठे मिळतात हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. घरात कोणी सुपारी चघळत असेल तर त्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या. उशीर करू नका.

टॅनिनची दुसरी पकड लोखंडावर आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळी आणि आवळा दोन्ही काळे पडतात, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. युरोपात शेकडो वर्षे दप्तरी कागद ज्या शाईने लिहिले गेले, ती मायफळाचा अर्क आणि हिराकस यांची. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. कापड काळे रंगवायलाही हिरडा आणि लोखंडाचे पाणी हीच जोडी कामाला येते.

आता हीच जोडी पोटात जमली तर? भाकरी, डाळ, पालेभाजी यांत लोह असते. जेवणाबरोबर चहा घेतला की चहातले टॅनिन आणि त्याच्या कुळातली द्रव्ये ते लोह आतड्यातच धरून ठेवतात. ते रक्तात न शिरता शौचावाटे निघून जाते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्के घटले. चहात दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे दुधाने चहाचा तुरटपणा कमी होतो, लोहावरची पकड नाही.

१४ एप्रिलला आम्ही वस्तीत रक्तदान शिबिर ठेवतो. रांगेत बायका उत्साहाने उभ्या राहतात आणि बोट टोचून झाले की निम्म्याशिम्म्या परत फिरतात. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागते, ते नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय निघाला. सगळा दोष चहाचा नाही. अपुरे जेवण, एकामागून एक बाळंतपणे, पाळीत जास्त रक्त जाणे, पोटातले जंत ही मोठी कारणे आहेत. आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई भूक मारायला चहा पिते हे न समजता तिला ‘चहा सोड’ म्हणणे हा निव्वळ आगाऊपणा झाला. आम्ही तसे म्हणणार नाही. चहा प्या, पण वेळ बदला. सकाळी चहा-चपाती एकत्र खायची सवय आपल्याकडे घरोघर आहे, ती मोडता आली तर पाहा. चहा आणि जेवण यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा. पत्ती फार उकळू नका, जितकी उकळाल तितके टॅनिन जास्त उतरते.

जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर क जीवनसत्त्वामुळे लोह सुटे राहते आणि अंगी लागते. मटण, कलेजी, सुकट, बोंबील यांतले बरेचसे लोह निराळ्या वेष्टनात असते, त्यावर टॅनिनची पकड बसत नाही. ज्यांच्या घरी हे चालते त्यांनी पोरीबाळींच्या ताटातही ते वाढावे, सगळे कमावत्या पुरुषाच्या ताटात जाऊ नये.

सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. पुष्कळजणी त्या सकाळच्या चहाबरोबर गिळतात, म्हणजे गोळी घेतली काय आणि न घेतली काय. गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळ्या सुरू असेपर्यंत शौचाला काळे होते, त्याला घाबरून त्या बंद करू नयेत.