नाना-नानी होण्याआधीची एक तपासणी

मोठी लेक उमेदीने आहे, आम्ही नाना-नानी होणार, ही खबर घरात आली तेव्हा आम्ही दोघेही पंचेचाळिशीच्या आसपास. शाळेतल्या सहकाऱ्यांनी ‘एवढ्यात?’ म्हणून थट्टा केली. अल्हम्दुलिल्लाह, आनंद होताच. पण महिनाभरात दुसरी खबर आली. पहिल्याच रक्त तपासणीत लेक सिकलसेलची वाहक निघाली.

साकोली-लाखनीकडच्या वाचकांना हा शब्द नवा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा या आजाराचा जुना पट्टा. नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 1958 सालीच लिहिले होते. तरी आपल्या मोहल्ल्यात अजून ऐकू येते की हा दुसऱ्यांचा आजार, आपल्यात नसतो. काही समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरे, पण रक्त जमात विचारून बिघडत नाही.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. आई-बापापैकी एकाकडून सदोष जनुक आला, दुसऱ्याकडून चांगला, एवढेच. अशी माणसे बहुधा ठणठणीत असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. अडचण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वर्गात आम्ही हे चार चिठ्ठ्यांनी शिकवतो आणि कुणीतरी विचारतेच, ‘म्हणजे चारातली तीन मुले नक्की सुटली?’ नाही. काढलेली चिठ्ठी परत डब्यात जाते. दर वेळी चारही चिठ्ठ्या असतात.

म्हणजे जावयाचेही रक्त तपासायला हवे. लेकीच्या आईबापाने हे बोलायचे कसे? त्यात लेक दिली आहे सख्ख्या फुफीच्या घरी. आपा म्हणाल्या, ‘माझ्या मुलात खोट काढता?’ आम्ही कागदावर घराण्याची वंशावळ काढून दाखवली. लेकीला हा जनुक बापाकडून आला असेल तर तोच दादा-दादीकडून आपांकडे आणि आपांकडून मुलाकडेही गेलेला असू शकतो. नात्यातल्या लग्नात एकाच घराण्याचा जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. असे निकाह जायज आहेत, त्यावर वाद नाही. पण रक्त तपासून निकाह करायलाही कुणाची मनाई नाही.

आपांची खरी भीती वेगळीच होती. ती त्यांनी नंतर, हळू आवाजात सांगितली. रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टर मूल पाडायला लावतील. तशी सक्ती कुणी करू शकत नाही. गर्भातच निदान करून घ्यायचे की नाही, हे नवरा-बायकोने ठरवायचे. ते नको असले तरी आधी माहीत असल्याचा फायदा बाळालाच. जन्मल्यावर लगेच तपासणी होते. आजार असलाच तर पहिल्या काही महिन्यांपासून पेनिसिलिन, वेळेवर लसी, आणि ताप आला की घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना. या आजारात लहान मुले दगावण्याचे एक मोठे कारण जंतुसंसर्ग आहे.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, उद्दिष्ट 2047 सालचे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. एक ध्यानात ठेवा. पहिली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. अर्ध्यावर थांबून घाबरणारे किंवा निर्धास्त होणारे दोन्ही प्रकारचे लोक आम्ही पाहिलेत.

जावई शेवटी आपणहून गेला. गुरुवारी कामावरून परतताना रक्त देऊन आला आणि मग घरी सांगितले. रिपोर्ट अजून यायचा आहे. धाकटीच्या रिश्त्याची बोलणी ईदनंतर आहेत. या वेळी बायोडेटासोबत तिचा रिपोर्टही जाईल, आणि मुलाकडून तोच मागवू.